आठ टक्क्यांच्या अलीकडे

तासगावच्या बेदाणा सौद्यात पेटी उघडली, की व्यापाऱ्याच्या तोंडाआधी त्याचा हात बोलतो. मूठभर बेदाणा तळहातावर पसरायचा, उजेडाकडे धरायचा, रंग हिरवा की पिवळा की तपकिरीकडे झुकलेला ते पाहायचं. मणी लांबट की गोल, सुरकुती बारीक की जाड, देठ राहिलाय का, बोटांना चिकटतोय का. मग एक-दोन मणी तोंडात. एवढ्याशा वेळात किलोमागचे रुपये वर-खाली होतात. सांगलीच्या हळदीचंही तेच. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय, नाकाशी धरल्याशिवाय भाव निघत नाही. कराड-शिराळ्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या उकळत्या काहिलीतला थोडा पाक गार पाण्यात सोडतो, त्याची गोळी बोटांत फिरवतो आणि काहील कधी उतरवायची ते सांगतो. थर्मामीटर ११८ अंशांच्या आसपास जे दाखवणार असतो, ते त्याच्या बोटांना आधीच कळलेलं असतं.

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत जीभ, नाक आणि बोटं यांच्यावर अशी बाजारपेठ उभी आहे. आणि याच मुलखात, दिवेलागणीनंतर, महामार्गालगतच्या परमिट रूममध्ये बिअर मागवली जाते ती दोन शब्दांत: ‘स्ट्राँग. चिल्ड.’

चव कशी आहे, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही. येतो तो एकच: लागते का?

हे केवळ गिऱ्हाइकाच्या अडाणीपणावर ढकलणं सोपं आहे, पण खरं नाही. देशभरात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा प्रचंड आहे, माइल्ड तिच्यापुढे किरकोळ. त्यामागे साधा हिशेब आहे. भारतातल्या स्ट्राँग बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण बहुधा नेमकं लिहिलेलं नसतं. ‘८ टक्क्यांपेक्षा अधिक नाही’ अशी कमाल मर्यादा असते. ती मर्यादा खरी धरली, तर ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल भरतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण पावणेसव्वीस मिलिलिटर असतं. म्हणजे एक स्ट्राँग बाटली आणि दोन मोठे पेग बरोबरीत सुटतात. पाच टक्क्यांच्या माइल्डमध्ये हेच साडेबत्तीस मिलिलिटरवर थांबतं, आणि बिलात मात्र तेवढा फरक पडत नाही. दिवसभर उसाच्या फडात किंवा ट्रकच्या चाकामागे घालवलेल्या माणसाला हे गणित कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ही बाटली बनते कशी, तेही त्या गणिताला धरूनच. मोड आणून भाजलेल्या बार्लीच्या, म्हणजे माल्टच्या, जोडीला तांदूळ, मका किंवा सरळ साखर घालायची. यीस्टला आंबवायला साखर भरपूर मिळते, अल्कोहोल वाढतं, पण माल्टचा गर आणि भाजका स्वाद त्या मानाने वाढत नाही. घाईने, थोड्या जास्त उष्णतेवर आंबवलं तर जड अल्कोहोलंही तयार होतात आणि घशात चरचरतात. तो चटका झाकायचा स्वस्तातला उपाय म्हणजे बर्फगार करणं. थंडीने जीभ बधिर होते आणि नाकापर्यंत वास पोचत नाही. ‘चिल्ड’ हा आग्रह त्यामुळे चैनीपेक्षा बचावाचा जास्त आहे. हीच बाटली ग्लासात ओतून पंधरा मिनिटं टेबलावर ठेवली आणि मग घोट घेतला, तर ती का गार मागवतात ते पहिल्याच घोटाला उमगतं.

जगात इतरत्र ‘कडक बिअर’ या नावाखाली जे येतं त्याची वंशावळ वेगळी. म्युनिकच्या पाउलानर मठातले संन्यासी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत घट्ट, गोडसर, जोरकस बिअर पीत. तिला ते द्रवरूप भाकरी म्हणत. एकादशी अन् दुप्पट खाशी हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. त्या परंपरेतली ‘साल्वाटोर’ आजही बनते, ७.९ टक्क्यांची. लंडनमधल्या थ्रेल यांच्या कारखान्यातली काळीभोर पोर्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या राजदरबारात जाई. आजची ‘इंपीरियल स्टाउट’ तिची वंशज. बेल्जियमच्या वेस्टमाल मठाने १९३४मध्ये आपल्या सोनेरी बिअरला ‘ट्रिपल’ हे नाव दिलं, ती साडेनऊ टक्क्यांची. आणि ज्या दशकात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची पेठ महाबळेश्वरच्या डोंगरावर वसत होती, त्याच दशकात, १८२२च्या सुमारास, इंग्लंडातल्या बर्टन गावी ऑलसॉपने हिंदुस्थानात पाठवण्यासाठी फिकट, कडवट, हॉप्सच्या फुलांनी भरलेली एल बनवायला घेतली. लंडनच्या हॉजसनचा त्या व्यापारावरचा मक्ता तिने मोडला. आज ताजी बिअर नळावर मिळणाऱ्या टॅपरूमच्या फळ्यावर ‘आयपीए’, म्हणजे ‘इंडिया पेल एल’, म्हणून लिहिलेलं असतं ती हीच. नावात इंडिया असलेली ही बिअर महाराष्ट्रातल्या नळांवर यायला मात्र फार उशीर झाला.

नळावरच्या ताज्या बिअरची इथे सुरुवात झाली ती पुण्यात. २००९मध्ये कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलॅली’ सुरू झाली. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांचं भांडवल, ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरचे हात. राज्यातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. मुंबईत ‘बार्किंग डिअर’ लोअर परळला यायला २०१३ उजाडलं, पुढच्या वर्षी पुण्याच्या मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली. नकुल भोसले यांच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने तर नावातच महाराष्ट्र घेतला आणि सोलकढीची आठवण यावी अशी कोकमाची आंबट-खारट ‘गोझ’ नळाला लावली. सातारा-सांगलीचे अभियंते, आयटीतली पोरंपोरी, शिकायला गेलेले विद्यार्थी या नळांसमोर पोचले ते नोकरी आणि कॉलेजच्या निमित्ताने. शनिवारी गावी येताना ते ‘हेफेवायझन’ आणि ‘स्टाउट’ हे शब्द घेऊन आले. बिअर काही घेऊन येऊ शकले नाहीत, कारण ताजी बिअर ही दुधाच्या जातीची वस्तू. गाळून, उष्णता देऊन टिकाऊ न केलेली ही बिअर थोड्या दिवसांत उतरते. २०२०च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअरीवाल्यांची टाक्यांतल्या मालावरून झोप उडाली होती ती याचमुळे.

टॅपरूमच्या फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे आकडा असतो: ४.५, ५.२, ६.८. आठच्या पुढे तो सरकत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत पाच टक्क्यांपर्यंतची बिअर साधी, पाच ते आठ टक्क्यांची स्ट्राँग, आणि तिथे यादी संपते. राज्याच्या उत्पादन शुल्काचं गणितही याच रेषांवर बसवलेलं. त्यामुळे जगातल्या नामांकित कडक बिअरांपैकी बऱ्याच महाराष्ट्रात जशाच्या तशा बनवताच येणार नाहीत. वेस्टमालची ट्रिपल दीड टक्क्याने बाहेर. रोशफोर मठाची ‘१०’ तर सव्वाअकरा टक्क्यांची. बव्हेरियाची ‘अव्हेंटिनस’ ही १९०७पासूनची गव्हाची काळसर बिअर ८.२ टक्क्यांची, तिचा गाडा बिचारा उंबरठ्यावरच अडतो. कितीतरी अधिक कडक देशी दारूला परवाना असलेल्या राज्यात साडेआठ टक्क्यांची बिअर बेकायदा ठरावी, यात गंमत आहे. ब्रूमास्टरला ती गंमत वाटत नाही.

मर्यादेचा एक फायदाही झाला, असं म्हणायला जागा आहे. अल्कोहोल वाढवायची वाटच बंद असल्याने साडेसहा-सात टक्क्यांत गाभा भरायचा कसा, हे इथल्या चांगल्या ब्रूमास्टरना शिकावं लागलं. सरकारचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्याने बिअरवरच्या शुल्काचा फेरविचार करायला अभ्यासगट नेमला. शुल्क वाढलं आणि खप घसरला, ही त्यामागची चिंता. चर्चा महसुलाची होती, चवीची कोण कशाला करेल.

चवीची चर्चा होते ती लाकडी पाटीभोवती. टॅपरूममध्ये चार-सहा छोटे ग्लास खाचांत बसवलेली पाटी मिळते, प्रत्येकात शंभरेक मिलिलिटर. डावीकडून उजवीकडे फिकीपासून काळीकडे, हलकीपासून कडककडे जायचं. उलट गेलं, तर सात टक्क्यांच्या स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाणी लागते. सहसा कुणी करत नाही ती गोष्ट आधी करायची: थांबायचं. कडक बिअर फ्रीजमधून निघाली त्या चार अंशांवर प्यायची नसते. दहा ते तेरा अंश हा तिचा पल्ला, म्हणजे पाचगणीतली डिसेंबरची पहाट. पेल्याला तळहाताची ऊब देऊन बसायचं. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा पेला असेल तर उत्तम, कारण वास वरच अडकून राहतो.

मग बघायचं. फेस किती टिकतो, उतरताना काचेवर जाळी सोडतो का. रंग उजेडाकडे धरून पाहायचा. काळी वाटणारी बिअर पुष्कळदा कडेला माणकासारखी लाल असते. नंतर नाक. एक दीर्घ श्वास घेऊन उपयोग नाही, कुत्र्यासारखं दोन-तीनदा हुंगायचं आणि बाजूला व्हायचं, कारण नाक फार लवकर सरावतं. घोट जिभेवर सगळीकडे फिरवून गिळायचा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा याच परतीच्या वाटेने, घशामागून नाकात जाऊन कळतो. सर्दीत मटणाचा रस्सा सपक लागतो त्याचं कारणही तेच. वाइन चाखणारे घोट थुंकतात, बिअर चाखणारे बहुधा गिळतात. कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर आणि गिळल्यानंतर अधिक उमटतो, असा त्यांचा युक्तिवाद. सोयीचा आहे, पण पूर्ण खोटा नाही.

आता वर्णन. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बिअरच्या वास-चवींचं एक चक्र तयार केलं. शंभराहून अधिक संज्ञा, प्रत्येकीमागे शक्य तिथे एखादं रसायन. जगभरच्या बिअर कारखान्यांत ते चक्र भिंतीवर लागलं. त्यामागचा हेतू काव्यात्म नव्हता. डेन्मार्कच्या चाखणाऱ्याने जे लिहिलं ते मेक्सिकोच्या चाखणाऱ्याला तसंच कळावं, एवढाच होता. तासगावचा व्यापारी फोनवरून दिल्लीच्या व्यापाऱ्याला मालाचा रंग आणि मणी सांगतो आणि माल न बघता सौदा पक्का होतो, त्यामागेही असंच दोघांत ठरलेलं काहीतरी असतं.

चांगल्या वर्णनाची सुरुवात दोषांपासून करावी, कारण दोष ठाम असतात. मक्याचं कणीस किंवा कोबी शिजवल्याचा वास आला, तर डायमिथिल सल्फाइड: फिकट माल्ट उकळताना वाफ नीट जाऊ दिली नाही. लोण्याचा, बटरस्कॉचच्या गोळीचा वास आणि जिभेवर तुपट थर, हा डायअॅसिटिल: यीस्टला काम पुरं करू न देता बिअर घाईने थंड केली किंवा नळ्या घाण आहेत. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, म्हणजे अॅसिटाल्डिहाइड: बिअर पोरवयातच काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे शिळी. हा शेवटचा दोष उन्हाळ्यात उघड्या ट्रकमधून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरलेल्या बाटल्यांत इतका सर्रास सापडतो, की पुष्कळांना तीच बिअरची मूळ चव वाटते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात ठेवली, की हॉप्समधल्या घटकावर प्रकाशाची क्रिया होऊन एक उग्र, कुबट वास सुटतो. तपकिरी बाटली आली ती म्हणूनच. शोभेसाठी नाही.

मात्र तोच वास एका बिअरमध्ये दोष आणि दुसरीत गुण असू शकतो. पिकलेल्या केळ्याचा वास पिल्सनरमध्ये आला तर ब्रूमास्टर कपाळाला हात लावेल, गव्हाच्या हेफेवायझनमध्ये तो नाही आला तर लावेल. तिथलं यीस्ट केळ्याचा आणि लवंगेचा वास स्वतः तयार करतं, केळं किंवा लवंग टाकीत कुणी घातलेली नसते. टॅपरूममधले वेटर दिवसातून दहादा हे सांगून थकतात.

कडक बिअरमध्ये या सगळ्यावर एक थर चढतो. अल्कोहोल स्वतः किंचित गोड लागतं, तोंडात घट्टपणा आणतं, आणि छातीत ऊब सोडतं. ऊब आणि आग यांतला फरक ओळखणं ही अर्धी परीक्षा. नीट, संथ आंबवलेली सात-साडेसात टक्क्यांची काळसर बिअर गिळल्यावर ऊब हळूहळू वर येते. घाईची बिअर घशाला लगेच चावते. उरलेली अर्धी परीक्षा म्हणजे गोडव्याचं नाव सांगणं. ‘गोड आहे’ हे वर्णन नव्हे. मधाचा गोडवा, उकळलेल्या दुधाचा, पाकाचा, काळ्या मनुकेचा, करपायच्या आत उतरवलेल्या साखरेचा, असे प्रकार आहेत. इथेच इंग्रजी वर्णनपुस्तकं आपल्या उपयोगाची राहत नाहीत. त्यांत मोलॅसिस, टॉफी, अंजीर, प्लम लिहिलेलं असतं. इस्लामपूरच्या माणसाने ते पाठ करण्याचं कारण नाही. काकवी, जुना गूळ, काळा बेदाणा हे त्याच्या जिभेला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहेत, आणि गडद कडक बिअरच्या बाबतीत ते त्या पुस्तकी शब्दांहून काकणभर नेमके बसतात.

यात योगायोग फारसा नाही. बेल्जियमच्या मठांतल्या बिअरांचं एक गुपित माल्टमध्ये नसून साखरेत आहे. ट्रिपलमध्ये आणि गडद कडक एलमध्ये आंबवायच्या एकूण साखरेपैकी दहा-वीस टक्के वाटा बीटच्या साखरेचा किंवा तिच्या गडद पाकाचा असतो. साखर यीस्ट जवळजवळ संपूर्ण फस्त करतं. त्यामुळे जोर वाढतो, पण पोटाला जडपणा येत नाही आणि शेवट कोरडा राहतो. इथवर आपल्या स्ट्राँग बाटलीची आणि ट्रिपलची कृती एकच. फरक पुढचा: मठातल्या गडद एलसाठीचा पाक तापवून तापवून गडद केलेला असतो, त्यात मनुका, कॅरॅमल, सुक्या फळांचे वास भरलेले असतात, आणि यीस्टला सावकाश, ठरल्या उष्णतेवर काम करू दिलेलं असतं. कारखान्याच्या पांढऱ्या साखरेत सांगण्यासारखं काही नसतं.

मग गुळात? गुऱ्हाळावर रसात भेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात, १०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी मिळते, पुढे आटवत गेलं की गूळ. गुळात सुक्रोजसोबत खनिजं आणि उसाच्या रसाचे भाजके घटक राहून जातात. ब्रूमास्टरला हवं ते नेमकं हेच. फलटण तालुक्यातल्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२पासून आहे. तिथल्या ‘फुले २६५’सारख्या वाणाने इथल्या शेताचं रूप पालटलं. पण उसाची बोलणी टनावर आणि उताऱ्यावर होतात, रसाच्या वासावर नाही. गुळाच्या बाजारातही पिवळाधमक रंग भाव खातो आणि तो आणायला काही ठिकाणी हायड्रोससारखी रसायनं वापरतात. बिअरला हवा तो काळपट, कुरूप, बाजारात मागे पडणारा गूळ. तो उकळीच्या शेवटी किंवा आंबणं निम्मं झाल्यावर घातला तर वास राहतो. सुरुवातीलाच घातला तर उरतं फक्त अल्कोहोल, आणि गूळ घातल्याचं फळ्यावर लिहिण्यापुरतं समाधान. गूळ घातला की बिअर गोड होते, ही समजूत तेवढी डोक्यातून काढायला हवी. गोडी यीस्टच्या पोटात जाते.

बेदाण्याचं उदाहरण तर साता समुद्रापार तयार आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातली ‘डॉगफिश हेड’ ही ब्रुअरी नव्वदच्या दशकापासून ‘रेझों देत्र’ नावाची लालसर तपकिरी बिअर बनवत आली. त्यात बेदाणा, बीटची साखर आणि बेल्जियन धाटणीचं यीस्ट. ताकद बरोबर आठ टक्के, महाराष्ट्राच्या उंबरठ्याला नाक लावून. सांगलीच्या बेदाण्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तासगाव, मिरजेची पूर्व बाजू, कवठेमहांकाळ या कोरड्या हवेच्या पट्ट्यात रॅकच्या जाळ्यांवर थॉम्पसन, तास-ए-गणेशसारख्या जातींची द्राक्षं दोन-तीन आठवडे सावलीत वाळतात. त्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून निघतात, सालीवरचं मेण सैल होतं आणि पाणी लवकर उडतं. मात्र हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून मालाला गंधकाची धुरी देतात, आणि गंधक यीस्टचा वैरी. तेव्हा बिअरला हवा तो धुरी न दिलेला, तपकिरी-काळा माल. सौद्यात तोही खालच्या भावातच जातो. गुळासारखंच हेही: बाजार डोळ्याने विकत घेतो आणि ब्रूमास्टरला नाकाने घ्यायचं असतं.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्येच मानांकन मिळालं आणि देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी त्याच टापूतून येते. बिअरच्या कामाला मात्र ती पाहुणीच बरी. नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, वास नाजूक, तो आंबण्याच्या वायूबरोबर उडून जातो, रंगही विटतो. स्ट्रॉबेरीची म्हणून समोर येणारी बिअर ठसठशीत स्ट्रॉबेरीसारखी लागली, तर इसेन्सचा संशय घ्यायला हरकत नाही. सात टक्क्यांच्या काळ्या बिअरमध्ये तर ती हरवूनच जाते. हळदीबद्दल एवढंच, की सांगलीचा अभिमान टाकीबाहेर ठेवावा.

मधाची गोष्ट निराळी. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला मे २०२२मध्ये राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून पुढे आणलं. तिथल्या पेट्यांत सातेरी माशी असते आणि जंगल जसं फुलेल तसा मध बदलतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट-कडवट, हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हाचा आणखी वेगळा. इथे पुन्हा तीच परीक्षा. मधातली साखरही यीस्ट जवळपास सगळी खातं, मागे उरते ती फुलाची खूण. तिचा माग घेत बसणारे लोक बिअरच्या शेजारच्या घरात आहेत. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी ‘मूनशाइन’ ही मध आंबवून केलेल्या पेयाची, मीडची, मीडरी काढली. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी ‘सेराना’ उभी केली. सातेरीचं शास्त्रीय नाव एपिस सेराना, त्यावरून. मधाच्या जातीला पेयात किंमत येते हे त्यांनी दाखवलं. काकवीच्या जातीला ती आणायला कुणी पुढे आलं, तर त्यासाठी साताऱ्याहून फार लांब जावं लागणार नाही.

अर्थात, शेतमाल आणि दारू यांची लग्नगाठ बांधायचे बेत इथे नवे नाहीत, आणि त्यांचा इतिहास उत्साह वाढवणारा नाही. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकच्या विंचूरला वाइन पार्क झालं, तसं सांगलीत पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क. नाशिकला पर्यटक पोचले, चाखण्याच्या खोल्या झाल्या. पलूसला तसं झालं नाही. खायची द्राक्षं आणि बेदाणा यांत जम बसलेल्या शेतकऱ्याने वाइनच्या जातीसाठी मांडव का मोडावा, याचं पटणारं उत्तर नव्हतं. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा द्राक्ष उत्पादकाचंच नाव पुढे केलं होतं. विरोध एवढा झाला की निर्णय पुढे सरकला नाही.

विरोध करणाऱ्यांना केवळ सोवळे म्हणून भागत नाही. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात, गावातल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद करावं लागतं. ही तरतूद कागदावर राहिलेली नाही, दक्षिण महाराष्ट्रातल्या बायकांनी ती वापरली आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था याच मातीतली. शंभर मिलिलिटरचा पेला हातात घेऊन काकवी की बेदाणा हे ठरवत बसण्याची चैन ज्यांना परवडते, त्यांनी त्या बायकांशी वाद घालायच्या भानगडीत पडू नये. दोन बाटल्यांच्या आत मुकाट्याने ‘लागली’ पाहिजे, ही पिण्याची रीत त्यांच्या घरात शिरलेली आहे. पाटीवरच्या चार ग्लासांवर तासभर घालवणं ही तिच्यापेक्षा निराळी रीत आहे. पण बाटलीवरचा आकडा दोन्हीकडे तोच असतो.

तो आकडा घरी परततानाही सोबत येतो. बिअरसाठी राज्यात वयाची अट २१ वर्षांची, शिवाय परवाना लागतो, जो बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. पण खरी कसोटी मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमाची: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आठ टक्क्यांचे चार छोटे ग्लास म्हणजे ३२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, सव्वा पेग. मध्यम बांध्याच्या माणसाला तेवढ्यावर ही रेषा ओलांडता येते, आणि पुढे पुण्याहून साताऱ्याचे एकशेदहा किलोमीटर, त्यात खंबाटकीचा घाट. स्वारगेटहून साताऱ्याला विनाथांबा गाड्या सुटतात, सांगलीच्याही मिळतात. चौथा ग्लास मागवण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवलेली बरी.